घटक ४ : संशोधनपर लेखाची टिपणे

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला –

• संशोधनपर लेखाची प्रमुख अंगे ओळखता येतील.
• एका लेखाचे नोंदपत्र पद्धतशीरपणे तयार करता येईल.
• लेखकाचे विधान, त्याचा आधार आणि स्वतःचे मत यांच्या नोंदी वेगळ्या ठेवता येतील.
• टिपणातील अतिव्याप्त व निराधार विधाने ओळखून ती दुरुस्त करता येतील.
• टिपणांच्या आधारे स्वाध्यायाचा किंवा प्रकल्पाचा परिच्छेद लिहिता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, यापूर्वीच्या घटकांत आपण विषयाची निवड आणि संदर्भसाहित्याचा शोध यांचा विचार केला. संदर्भ हाती आल्यानंतर त्याचे काय करावयाचे, हा या घटकाचा विषय आहे.

पाठ्यपुस्तकाची टिपणे घेण्याची सवय आपणा सर्वांना असते. परीक्षेत उपयोगी पडेल अशी माहिती थोडक्यात लिहून ठेवणे, एवढाच त्या टिपणांचा हेतू असतो. संशोधनपर लेखाचे स्वरूप निराळे असते. त्यात लेखक एखादा प्रश्न उपस्थित करतो, पुरावा मांडतो आणि त्यावरून मर्यादित निष्कर्ष काढतो. हा निष्कर्ष कोणत्या पुराव्यावर उभा आहे आणि कोठपर्यंत लागू आहे, हे टिपणात उतरले नाही, तर हाती एक सुटे विधान उरते. काही महिन्यांनी स्वाध्याय लिहिताना ते विधान लेखकाचे होते की आपले, हेही आठवत नाही.

ही पद्धत समजून घेण्यासाठी या घटकात एकच विषय उदाहरणादाखल घेतला आहे : रायगड जिल्ह्याच्या कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील कातकरी वाड्यांचा प्रश्न. कर्जत–मुरबाड रस्त्यावरील कशेळे या गावी अ‍ॅकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स ही संस्था आहे. आदिवासी भागातील धान्यबँकेच्या कामासाठी ती ओळखली जाते. या संस्थेशी संबंधित राजीव खेडकर यांनी डॅनिएल बकल्स आणि बन्सी घेवडे यांच्यासह कातकरी वाड्यांच्या जमिनीच्या प्रश्नावर संशोधन केले. त्यावर आधारित ‘फायटिंग इव्हिक्शन’ हा इंग्रजी ग्रंथ २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच शब्दांनी आरंभ होणारे शीर्षक असलेला लेख २०१५ मध्ये ‘अ‍ॅक्शन रिसर्च’ या नियतकालिकात आला. जिथे आपण राहतो, त्या परिसरावर लिहिलेला शोधलेख वाचताना टिपणे कशी घ्यावीत, हा प्रश्न त्यामुळे अगदी जवळून पाहता येतो.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ संशोधनपर लेखाची अंगे

समाजशास्त्रीय लेखात साधारणपणे पुढील अंगे आढळतात : शीर्षक, लेखकाचा परिचय, गोषवारा, प्रस्तावना, पूर्वसंशोधनाचा आढावा, अभ्यासपद्धती, निरीक्षणे, चर्चा, निष्कर्ष आणि संदर्भसूची. वाङ्मय किंवा इतिहास या विषयांवरील मराठी लेखांत ही अंगे स्वतंत्र मथळ्यांखाली असतीलच असे नाही. ‘नवभारत’, ‘मराठी संशोधन पत्रिका’ किंवा ‘भाषा आणि जीवन’ यांतील लेख अनेकदा सलग निबंधासारखे असतात. तेथे लेखाचा प्रश्न कोणता, साधने कोणती आणि निष्कर्ष कोठे आला, हे वाचकाने शोधून समासात खूण करावी.

प्रत्येक अंगाचा टिपणाच्या दृष्टीने वेगळा उपयोग असतो. गोषवारा वाचून लेख आपल्या कामाचा आहे की नाही, हे ठरते. अभ्यासपद्धतीवरून निष्कर्षाचे वजन कळते. निरीक्षणांत पुरावा असतो, तर चर्चेत लेखकाने त्या पुराव्याचा लावलेला अर्थ असतो. संदर्भसूचीमुळे पुढील वाचनाची वाट सापडते. पुष्कळ विद्यार्थी गोषवारा आणि निष्कर्ष तेवढे वाचून टिपण काढतात व अभ्यासपद्धती गाळतात. निष्कर्षाच्या मर्यादा बहुधा तेथेच सांगितलेल्या असल्यामुळे असे टिपण लंगडे राहते.

४.२.२ वाचनाचे तीन टप्पे

नोकरी, शेती किंवा घरकाम सांभाळून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला सलग तीन-चार तास क्वचितच मिळतात. म्हणून लेखाचे वाचन तीन टप्प्यांत विभागावे.

पहिले वाचन : शीर्षक, गोषवारा, मथळे व निष्कर्ष वाचावेत. या वेळी काहीही उतरवू नये. ‘या लेखाचा प्रश्न कोणता?’ एवढ्याचे उत्तर एका वाक्यात लिहावे. कर्जतहून मुंबईकडे रोज जाणाऱ्या विद्यार्थ्याला हे वाचन गाडीतही करता येते.

दुसरे वाचन : संपूर्ण लेख क्रमाने वाचावा. महत्त्वाच्या जागी पेन्सिलीने खूण करावी. पुस्तक ग्रंथालयाचे असल्यास पृष्ठक्रमांक वेगळ्या कागदावर टिपावा. मोबाईलवर पानाचे छायाचित्र घेतल्याने लेख जवळ राहतो, टिपण मात्र तयार होत नाही, हे लक्षात ठेवावे.

तिसरे वाचन : खूण केलेल्या जागांकडे परत जाऊन नोंदपत्र भरावे. नोंद लिहिताना लेख क्षणभर मिटावा, आशय आपल्या शब्दांत लिहावा आणि मग लेख उघडून पडताळावा. लेख समोर उघडा ठेवून लिहिले की लेखकाचीच वाक्ये थोड्या फरकाने कागदावर उतरतात.

४.२.३ नोंदपत्राचा आराखडा

प्रत्येक लेखासाठी एक नोंदपत्र करावे. त्यासाठी जाड कागदाची कार्डे, वही किंवा संगणकातील धारिका यांपैकी काहीही चालेल. पुढील आठ नोंदी आवश्यक आहेत.

१. लेखक, लेखाचे शीर्षक, नियतकालिक, खंड व अंक, वर्ष, पृष्ठे
२. लेखकाचे विषयाशी नाते
३. लेखाचा मुख्य प्रश्न
४. अभ्यासाचे स्थळ व काळ
५. अभ्यासपद्धती
६. प्रमुख विधाने व प्रत्येकाचा आधार (पृष्ठक्रमांकासह)
७. लेखकाने सांगितलेल्या मर्यादा
८. माझे प्रश्न व निरीक्षणे

यांतील दुसऱ्या नोंदीकडे विशेष लक्ष द्यावे. १८४३ मध्ये रेव्हरंड जॉन विल्सन यांनी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात वारली आणि काथोडी या जमातींविषयी वृत्तान्त लिहिला. ते मिशनरी होते. १९३४ मध्ये अ. ना. वेलिंग यांनी कातकऱ्यांवर इंग्रजी ग्रंथ लिहिला. तो समाजशास्त्रीय अभ्यास होता. बकल्स, खेडकर व घेवडे यांचे लेखन कृती-संशोधन या प्रकारात मोडते. या प्रकारात ज्यांच्या जीवनाचा अभ्यास करावयाचा, ती माणसे प्रश्न ठरविण्यात, माहिती गोळा करण्यात आणि त्यावरून कृती करण्यात सहभागी असतात. कथा-कादंबरीकार म्हणून आपणास परिचित असलेले मिलिंद बोकील यांचा ‘कातकरी : विकास की विस्थापन?’ हा मराठी ग्रंथही याच समाजावर आहे. एकाच समाजाविषयी मिशनरी, समाजशास्त्रज्ञ आणि लोकांबरोबर काम करणारे कार्यकर्ते-संशोधक वेगवेगळ्या गोष्टी पाहतात व वेगवेगळे प्रश्न विचारतात. यावरून एकाला खरे आणि दुसऱ्याला खोटे ठरविण्याची घाई करू नये. मात्र विधान कोणाचे आणि ते कोणत्या भूमिकेतून केलेले आहे, हे नोंदपत्रात असलेच पाहिजे.

४.२.४ लेखक, आधार आणि वाचक

टिपणात प्रत्येक नोंदीपूर्वी एक खूण करण्याची सवय लावून घ्यावी. पुढील चार खुणा पुरेशा आहेत.

ले. – लेखकाचे विधान, माझ्या शब्दांत
अ. – लेखकाचे वाक्य जसेच्या तसे, अवतरणचिन्हांत व पृष्ठक्रमांकासह
आ. – त्या विधानाचा लेखात दिलेला आधार
मा. – माझे मत, शंका किंवा अनुभव

‘अ.’ ही खूण आणि अवतरणचिन्हे विसरली, तर उसने वाक्य पुढे आपले म्हणून लिहिले जाते. हेतू नसतानाही ते वाङ्मयचौर्य ठरू शकते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये याविषयी स्वतंत्र विनियम केले आहेत.

‘मा.’ ही खूण परिसरातील वाचकाला अधिक महत्त्वाची आहे. कशेळे परिसरात वाढलेल्या विद्यार्थ्याला वाड्यांविषयी कित्येक गोष्टी प्रत्यक्ष ठाऊक असतात. त्याचे हे ज्ञान मोलाचे आहे. पण ते लेखकाच्या तोंडी घातले, तर लेखकाने न केलेले विधान त्याच्या नावावर जमा होते. उलट, लेखकाच्या विधानापुढे ते दडपून टाकले, तर अभ्यासाला उपयोगी पडणारी शंका हरवते. दोहोंची नोंद ठेवावी आणि दोहोंना वेगळी जागा द्यावी.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १

अ) रिकाम्या जागा भरा.
१. निष्कर्षाच्या मर्यादा बहुधा लेखाच्या ………… या अंगात आढळतात.
२. लेखकाचे वाक्य जसेच्या तसे उतरविल्यास ………… आणि ………… देणे आवश्यक आहे.
आ) कृती-संशोधनात अभ्यासविषय असलेल्या लोकांची भूमिका कोणती असते? एका वाक्यात उत्तर लिहा.

४.२.५ एक नमुना

पुढील उतारा या घटकासाठी, सराव म्हणून तयार केलेला आहे. तो कोणत्याही प्रकाशित लेखातील नाही.

“कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील अनेक कातकरी कुटुंबे भाताची कापणी-झोडणी आटोपल्यावर वीटभट्टीच्या किंवा कोळशाच्या कामासाठी वाडी सोडतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. या काळात वाडीवर मुख्यतः वृद्ध माणसे राहतात आणि बरीच घरे बंद असतात. त्यामुळे उन्हाळ्यात केलेल्या घरमोजणीत वाडीची कुटुंबसंख्या कमी दिसण्याचा संभव आहे. घर बंद असणे हा वस्ती सोडल्याचा पुरावा मानता येत नाही. कारण ही कुटुंबे पावसाळ्यापूर्वी त्याच घरांत परततात. तथापि सर्व वाड्यांत स्थलांतराचे प्रमाण सारखे नसते. म्हणून घरमोजणी पावसाळ्यात पुन्हा करून पाहणे इष्ट होय.”

आता या उताऱ्याचे एक टिपण पाहा.

कातकरी – भटके. ८ महिने गावात नसतात. घरे सोडून जातात. सरकारी आकडे चुकीचे.

हे टिपण आटोपशीर आहे आणि परीक्षेच्या आदल्या रात्री सोयीचेही वाटेल. परंतु त्यातील एकही विधान उताऱ्यात नाही. उताऱ्यात ‘अनेक कुटुंबे’ आहे. टिपणात सारा समाज आला. उताऱ्यात हंगामी स्थलांतर आहे. टिपणात ‘भटके’ हा शब्द आला. ‘८ महिने’ हा आकडा कोठून आला, ते सांगता येत नाही. ‘घर बंद असणे’ याचे ‘घर सोडणे’ झाले, आणि लेखकाने नेमके हेच नाकारले आहे. ‘कमी दिसण्याचा संभव’ या सावध शब्दांची जागा ‘चुकीचे’ या निर्णयाने घेतली. शिवाय ‘सरकारी’ हा शब्द मुळात कोठेच नाही.

या चुकांचा परिणाम गुणपत्रिकेपुरता राहत नाही. पुष्कळ कातकरी कुटुंबांच्या घराखालची जमीन त्यांच्या नावावर नाही. सातबाऱ्यावर दुसऱ्याचे नाव असते. जमिनीचे भाव वाढले, खरेदी-विक्री झाली की वाडी उठविली जाण्याचे भय निर्माण होते. अशा वेळी ‘हे लोक येथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात’ हे दाखविणे आवश्यक असते. त्यावर वस्तीला गावठाणाचा दर्जा मिळण्याची मागणी उभी राहते. गावठाणाच्या सीमा ठरविण्याची तरतूद महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये आहे. मूळ उतारा या कुटुंबांच्या वास्तव्याच्या बाजूने पुरावा देतो; वरील टिपण त्यांना ‘भटके’ ठरवून तोच पुरावा उलटा फिरविते. त्या टिपणावरून प्रकल्प लिहिला गेला, त्या प्रकल्पावरून आणखी कोणी लिहिले, की मूळ लेखकाने न म्हटलेली गोष्ट ‘संशोधनानुसार’ म्हणून रूढ होते.

याच उताऱ्याचे दुसरे टिपण असे करता येईल.

प्रश्न : हंगामी स्थलांतराचा वाडीच्या घरमोजणीवर कोणता परिणाम होतो?
स्थळ : कर्जत व खालापूर तालुके, जि. रायगड. काळ : उताऱ्यात दिलेला नाही.
ले. अनेक (सर्व नव्हे) कुटुंबे कापणीनंतर वीटभट्टी/कोळसा कामासाठी जातात, पावसाळ्यापूर्वी परततात.
ले. म्हणून उन्हाळी मोजणीत कुटुंबसंख्या कमी भरण्याची शक्यता.
अ. “घर बंद असणे हा वस्ती सोडल्याचा पुरावा मानता येत नाही”
आ. कुटुंबे त्याच घरांत परत येतात, हे निरीक्षण. किती वाड्या पाहिल्या, ते सांगितलेले नाही.
मर्यादा : स्थलांतराचे प्रमाण वाडीगणिक वेगळे.
मा. शाळेच्या हजेरीपटावरून मुलांच्या जाण्या-येण्याचे महिने कळतील का? शिक्षकांना विचारणे.

हे टिपण पहिल्याहून लांब आहे. तथापि त्यावरून सहा महिन्यांनीही मूळ उताऱ्याचा आशय न बिघडवता सांगता येईल. ‘अनेक’, ‘शक्यता’, ‘वाडीगणिक’ हे मर्यादादर्शक शब्द त्यात टिकले आहेत. टिपण संक्षिप्त करताना विशेषणे व उदाहरणे गाळावीत, मर्यादादर्शक शब्द गाळू नयेत.

४.२.६ स्थळ, काळ आणि नावे

स्थळाची नोंद जिल्ह्यासह करावी. ‘कर्जत तालुका’ एवढेच लिहिल्यास तो रायगडमधील की अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील, हे नंतर कळत नाही. कशेळे (ता. कर्जत) आणि रत्नागिरी जिल्ह्यातील कशेळी या नावांतही असाच घोटाळा होतो.

जिल्ह्यांच्या सीमा आणि नावे बदलतात, याचेही भान ठेवावे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमधील कुलाबा व जंजिरा यांचा खंड १८८३ मध्ये निघाला. आजचा रायगड जिल्हा म्हणजे पूर्वीचा कुलाबा, हे ठाऊक असलेला विद्यार्थी त्या खंडात कर्जतची माहिती शोधू लागेल. परंतु त्या काळी कर्जत ठाणे जिल्ह्यात होते. त्याची माहिती १८८२ च्या ठाणे खंडात आहे. पुढे कर्जत कुलाबा जिल्ह्यात आले आणि १९८१ मध्ये जिल्ह्याचे नाव रायगड झाले. नोंदपत्रात जुने व नवे असे दोन्ही उल्लेख ठेवले, तर संदर्भ शोधताना अडचण येत नाही.

काळाची नोंद दोन प्रकारची असते : लेख प्रसिद्ध झाल्याचा काळ आणि निरीक्षणाचा काळ. ल. ना. चापेकर यांचा सह्याद्रीतील ठाकूर समाजावरील इंग्रजी ग्रंथ १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील चालीरीतींची वर्णने त्याआधीच्या निरीक्षणांवर आधारलेली आहेत. आज त्यावरून टिपण करताना ‘ठाकूर असे करतात’ असे वर्तमानकाळी लिहिणे चूक होय. ‘चापेकरांच्या १९६० च्या ग्रंथानुसार ठाकूर असे करीत’ अशी नोंद हवी.

समाजांच्या नावांची रूपेही टिपावीत. काथोडी आणि कातकरी ही दोन्ही नावे जुन्या-नव्या लेखनात येतात. खैराच्या झाडापासून काथ तयार करण्याच्या व्यवसायाशी त्यांचा संबंध जोडला जातो. ग्रंथालयाच्या सूचीत एकाच रूपाने शोध घेतल्यास निम्मे साहित्य नजरेआड राहील.

४.२.७ इंग्रजी लेखाची मराठी टिपणे

आपल्या परिसरावरील बरेचसे संशोधन इंग्रजीत आहे. मराठीच्या विद्यार्थ्याने त्याची टिपणे मराठीतच घ्यावीत. त्यामुळे आशय खरोखर समजला की नाही, हे लगेच कळते. मात्र पारिभाषिक शब्दांबाबत सावध असावे. इंग्रजी लेखातील ‘हॅम्लेट’ या शब्दासाठी ‘खेडे’ लिहिल्यास अर्थ बिघडतो. कर्जत भागात त्यासाठी ‘वाडी’ हा शब्द आहे, पालघरकडे ‘पाडा’ म्हणतात. ‘इव्हिक्शन’ म्हणजे ‘स्थलांतर’ नव्हे. स्थलांतर स्वेच्छेनेही होते, येथे राहत्या जागेवरून उठविणे अभिप्रेत आहे. ‘टायटल’ हा शब्द लेखाच्या शीर्षकासाठी येतो, तसाच जमिनीच्या मालकीहक्कासाठीही येतो. असा शब्द आला की पहिल्या वेळी मूळ शब्द देवनागरीत लिहून त्यापुढे आपण योजलेला मराठी शब्द लिहावा आणि संपूर्ण टिपणात तोच शब्द कायम ठेवावा.

४.२.८ टिपणांपासून लेखनाकडे

तीन-चार लेखांची नोंदपत्रे तयार झाल्यावर ती विषयवार लावावीत. एका मुद्द्यावर कोणकोणते लेखक बोलतात, कोठे सहमत आहेत, कोठे वेगळे पडतात, हे मग दिसू लागते. वरील नमुन्यावरून लिहिलेला परिच्छेद असा होईल :

“उताऱ्याच्या लेखकाच्या मते कर्जत व खालापूर तालुक्यांतील अनेक कातकरी कुटुंबे हंगामी कामासाठी वाडीबाहेर जात असल्याने उन्हाळी घरमोजणी अपुरी ठरू शकते. मात्र हे प्रमाण सर्व वाड्यांत सारखे नाही, असेही तो नमूद करतो. किती वाड्यांच्या निरीक्षणावरून हे मत बनले, याचा उल्लेख नसल्याने शाळेच्या हजेरीपटासारख्या अन्य साधनांवरून ते पडताळून पाहणे आवश्यक वाटते.”

पहिली दोन वाक्ये ‘ले.’ व ‘मर्यादा’ या नोंदींतून आली, तिसरे ‘आ.’ आणि ‘मा.’ यांतून आले. कोणते वाक्य कोणाचे, हे वाचकाला सहज कळते.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २

अ) पुढील विधानातील तीन दोष दाखवा : “कशेळ्यातील सर्व कातकरी वीटभट्टीवर जातात, हे संशोधनाने सिद्ध झाले आहे.” (आधार : ४.२.५ मधील उतारा)
आ) १८८२ च्या सुमाराची कर्जतविषयीची माहिती कोणत्या जिल्ह्याच्या गॅझेटिअर खंडात पाहावी?

४.३ सारांश

संशोधनपर लेखात प्रश्न, पुरावा आणि मर्यादित निष्कर्ष असतो. टिपणात या तिन्हींची नोंद हवी. तीन टप्प्यांत वाचन करून आठ नोंदींचे नोंदपत्र भरावे. लेखकाचे विधान, अवतरण, आधार व स्वतःचे मत यांना वेगळ्या खुणा कराव्यात. संक्षेप करताना मर्यादादर्शक शब्द गाळू नयेत. ते गाळल्यास ज्या माणसांविषयी संशोधन झाले, त्यांच्यावर अन्याय होऊ शकतो. स्थळ, काळ, नावांची रूपे आणि पारिभाषिक शब्द यांची नोंद नेमकेपणाने करावी.

४.४ पारिभाषिक शब्द

गोषवारा : लेखाच्या आरंभी दिलेला संपूर्ण लेखाचा संक्षेप
नोंदपत्र : एका संदर्भाविषयीच्या सर्व नोंदी असलेले कार्ड किंवा पान
अतिव्याप्त विधान : पुराव्याच्या कक्षेबाहेर ताणलेले विधान
कृती-संशोधन : संबंधित लोकांच्या सहभागाने, प्रश्न सोडविण्याच्या हेतूने केलेले संशोधन
वाङ्मयचौर्य : दुसऱ्याचे लेखन वा विचार श्रेय न देता स्वतःचे म्हणून मांडणे

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : अ) १. अभ्यासपद्धती २. अवतरणचिन्हे, पृष्ठक्रमांक. आ) ते प्रश्न ठरविणे, माहिती गोळा करणे व कृती करणे यांत सहभागी असतात.
प्रश्न २ : अ) उतारा कशेळे गावापुरता नसून कर्जत व खालापूर तालुक्यांविषयी आहे, ‘अनेक’ऐवजी ‘सर्व’ म्हटले आहे, लेखकाचे निरीक्षण ‘सिद्ध झाले’ म्हणून मांडले आहे. (कोळशाच्या कामाचा उल्लेख गाळला, हे उत्तरही ग्राह्य आहे.) आ) ठाणे.

४.६ सरावासाठी स्वाध्याय

१. नोंदपत्रातील आठ नोंदींचे महत्त्व सोदाहरण स्पष्ट करा.
२. ‘टिपणातील संक्षेप आणि मूळ आशयाशी प्रामाणिकपणा’ या विषयावर २५० शब्दांत लिहा.
३. तुमच्या अभ्यासक्रमातील एखाद्या साहित्यकृतीवरील शोधलेख निवडून त्याचे नोंदपत्र तयार करा.

४.७ क्षेत्रीय कार्य

तुमच्या गावाविषयी, तालुक्याविषयी किंवा तेथील एखाद्या समाजाविषयी लिहिलेला एक संशोधनपर लेख वा ग्रंथातील प्रकरण मिळवा. त्याचे नोंदपत्र तयार करा. त्यातील एक विधान निवडून गावातील दोन जाणत्या व्यक्तींना समजावून सांगा आणि त्यांचे म्हणणे ‘मा.’ या खुणेखाली, परंतु तुमच्या स्वतःच्या मतापासून वेगळे, लिहून ठेवा. त्यांची नावे लिहिण्यापूर्वी त्यांची परवानगी घ्या. तयार झालेले नोंदपत्र अभ्यासकेंद्रावरील संपर्कसत्रात समंत्रकांना दाखवा.